बटणांचा डाव

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनात मागच्या रांगेला डुलकी लागते आणि पुढच्या रांगेला गोष्ट मिळते. आज एका पत्तेवाल्याची सांगतो. नाकं मुरडू नका. देवाच्या दारात जुगाऱ्यालाही टेकायला जागा असते, आणि हा तर नुसता दमलेला माणूस होता.

घरात त्याला एक्का म्हणत. ऐन उमेदीची वर्षं त्याने क्लबात पोकर खेळून पोट भरलं आणि उरलेल्या वेळात लोकांचे गैरसमज निस्तरले. कुणाला वाटे, गड्याने नशीब काढलंय. कुणाला वाटे, दिवसभर थापा मारतो नि घबाड घेऊन घरी येतो. खरं तर त्याचं काम म्हणजे आलेले वाईट पत्ते न खेळता टाकून द्यायचे, पुन्हा वाट बघायची, पुन्हा टाकायचे. पाठीचा पार खुळखुळा झाला होता. पण सगळ्यांत चिवट गैरसमज एकच: पोकरवाला माणसाचा चेहरा वाचतो आणि खोटं बरोबर पकडतो.

त्याच्या थोरल्या बहिणीने, ताईने, एका संध्याकाळी त्याला बोलावलं ते याच गैरसमजापायी. ताई शिवणकाम करायची, दाजी घड्याळं दुरुस्त करायचे. एक्का घरात शिरला तर दारामागे भरलेली बॅग.

"कुठे निघालीस?"

"ते तू सांगायचंस. तुझे दाजी रोज दुपारी दुकान बंद करून गायब होतात. विचारलं तर म्हणे सुटे भाग आणायला! जन्मभर बटणाचे शर्ट घातले, आता या वयात टीशर्ट. कुणासाठी तरुण व्हायचंय एवढं? तू समोर बस, चेहरा बघ नि सांग. खोटं निघालं तर मी आजच धाकट्या बहिणीकडे जाते."

"ताई, मला चेहरा वाचता येत नाही गं."

"मग जन्मभर केलंस काय?"

एक्क्याच्या अंगात नाही म्हणण्याइतकं त्राण नव्हतं. तो बसला.

दाजी आले. अंगात निळा टीशर्ट. मेव्हण्याला बघून खुलले. "काय एक्का, वाट चुकलास?"

"खेळा जरा दोघं," ताई म्हणाली आणि बटणांचा डबा टेबलावर पालथा केला. "पैशांच्या जागी ही घ्या."

पहिल्याच डावात दाजींनी बटणांचा ढीग पुढे सारला आणि त्यांचा हात थरथरला. ताईने त्यांच्या पाठीमागून डोळे मोठे केले: बघ, थाप!

एक्का मनात म्हणाला, इथेच सगळे फसतात. थाप मारणारा दगडासारखा बसतो. हात कापतो तो मोठं पान आल्यावर, आनंदाने. दाजींनी पत्ते उघडले, तर खरंच दोन राजे. ताईचा चेहरा पडला.

दुसऱ्या डावाला दाजींनी पत्ते टाकून दिले. हात थरथरला. तिसऱ्यालाही टाकले. थरथरला. एक्का सावरून बसला. टाकून दिलेल्या पत्त्यात ना थाप ना आनंद. मग हा हात कापतो कशाला?

तेवढ्यात दाजींच्या बोटांतून शर्टाचं एक बारीक बटण निसटलं. त्यांनी चिमटीत धरून पाहिलं, जमेना. मग सहज केल्यासारखं ते टेबलाच्या कडेपर्यंत सरकवलं आणि खाली धरलेल्या तळहातावर पाडून घेतलं. सफाईदार. रोजच्या सवयीचं. एक्क्याची नजर टीशर्टावर गेली. त्याला एकही बटण नव्हतं.

त्याने पत्ते खाली ठेवले. "दाजी, घड्याळांचे स्क्रू सध्या कोण बसवतं?"

दाजींनी तळहातावरचं बटण टेबलावर ठेवलं. मग हळूच म्हणाले, "तोंडावरून ओळखलंस ना?"

"तोंडावरून मला आजवर कुणाचं काही कळलेलं नाही. हात पत्ते टाकतानाही कापतोय तुमचा."

"दुपारी दवाखान्यात जातो," दाजी टेबलाकडे बघत म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, हे आता वाढतच जाणार. घड्याळं पलीकडच्या कारागिराकडून करून घेतो. हिला कुठल्या तोंडाने सांगू? मी घड्याळ उघडत होतो तेव्हा माझा स्थिर हात बघून हिने लग्नाला होकार दिला होता."

ताई भिंतीला टेकली. "आणि टीशर्ट?"

"बटणं लागत नाहीत गं."

"अहो!" ती ओरडलीच. "शिवणारीच्या घरात राहून बटणापायी अडलात? टिचबटणं लावून दिली असती की! नुसती दाबायची. इतकी का मी परकी?" आणि पदराने डोळे पुसत मशीनचं झाकण काढलं. "आणा ते सगळे शर्ट. आत्ताच्या आत्ता."

दाजी कपाटाकडे गेले. एक्क्याने दारामागची बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवली. वजनदार होती, त्याची पाठ पुन्हा बोलली.

तो निघाला तेव्हा ताई शर्टाचं जुनं बटण उसवत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणत होतास, येत नाही. वाचलास की नाही चेहरा?"

एक्क्याने समजावून सांगायला तोंड उघडलं. मग पत्ते टाकावेत तसा तो विचार टाकला आणि चपला घातल्या.

तर मंडळी, घरी जाऊन दिवा लावाल, हात जोडाल, तेव्हा ज्याचे जोडलेले हातही स्थिर राहत नाहीत त्या घड्याळवाल्याची आठवण ठेवा. त्याच्यासाठी एवढं मागा, की त्याच्या शर्टांना बटणं लावणारी शेवटपर्यंत शेजारी असू दे.