वाकी काढा, मग मला खोटी म्हणा

मी रक्ताचा दाब मोजायची पेटी बोलतेय. आधी माझं गाऱ्हाणं ऐका, बाकीचं मागून. तीन वर्षं मी जव्हारात खरं बोलायला तयार बसले होते आणि माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता. "ही पेटी पुरुषांवर चालते, बायकांवर खोटं बोलते," असं चारचौघांत म्हणायचे. मी खोटारडी! पारा पोटात घेऊन जन्मलेली मी, मला खोटं बोलायला जमेल तरी कसं?

जन्म माझा विलायतेतला. लाकडाची पेटी, आत काचेची उभी नळी, नळीत पारा. सोबत एक कापडी पट्टा, त्याच्या पोटात रबरी पिशवी आणि हवा भरायला रबराचा फुगा. पट्टा दंडाला बांधायचा, मनगटाची नाडी धरायची, फुगा दाबत जायचं. नाडी बंद पडली की पारा कुठवर चढलाय ते बघायचं. तेवढा रक्ताचा जोर. संपलं माझं काम.

दिघे डॉक्टरांनी मला मुंबईत विकत घेतलं ते साल एकोणीसशे चोवीस. डहाणूपासून बैलगाडीत त्यांनी मला मांडीवर धरून आणलं, पारा सांडेल म्हणून. माणूस वाईट नव्हता. जव्हारात त्यांचा स्वतःचा दवाखाना होता, कौलारू, पुढं ओटा.

माझी बातमी फुटली तसे संस्थानातले कारकून, अंमलदार, जमीनवाले दंड पुढं करत आले. आणि गंमत बघा, आकडा जास्त आला की माणूस खूश! "माझा एकशे ऐंशी." "हॅ! माझा एकशे नव्वद." जसा काही दरबारात मान मिळाला. दाब म्हणजे मोठ्या पुरुषांचं दुखणं, डोक्याला काम असणाऱ्यांचं, असं ठरून गेलं.

बायकांच्या वाट्याला मी एकदाच गेले. दवाखान्यात झाडलोट करणारी कमू, पंचविशीची पोर. एकदा तिला घेरी आली म्हणून रघु कंपाउंडरनं पट्टा काढला. कमूच्या दंडावर पितळेची रुंद वाकी होती. नवरा जिवंत आहे तोवर ती उतरवायची नाही, अशी तिच्या पाड्याची रीत. रघूनं भीत भीत वाकीवरूनच पट्टा गुंडाळला. आता सांगा, माझी रबरी पिशवी पितळ दाबणार का? सगळा जोर वाकीनंच खाल्ला, नाडी काही थांबेना, पारा दोनशे साठवर गेला. रघु ओरडत आत पळाला. डॉक्टर बाहेर येऊन बघतात तर कमू ओट्यावर बसून आवळा खातेय. "बायकांवर चालत नाही ही," ते म्हणाले. झाला माझा निकाल. वाकीकडं एकानंही बघितलं नाही.

त्यानंतर बायका यायच्या, कपाळ आवळून धरलेल्या, डोळ्यांपुढं अंधारी येणाऱ्या. "वय झालं," "उष्णता आहे," म्हणून औषधाच्या पाण्याची बाटली देऊन त्यांना वाटेला लावायचे. मी टेबलावर झाकण मिटून बसलेली.

दाभोशाचा बारक्या यायला लागला आणि माझं नशीब फिरलं. त्याचा दाब एकशे पंच्याहत्तर. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ बंद, सुकट बंद, ओझं उचलायचं नाही. बारक्यानं हे इतकं मनावर घेतलं की विचारू नका. त्याची बायको सुकरी, पन्नाशीला आलेली, त्याच्यासाठी अळणी वेगळं रांधायची. त्याच्या वाट्याची खारी सुकट मात्र टाकवत नव्हती, म्हणून तीच खायची. त्याचं ओझं जमिनीवर ठेवून चालणार नव्हतं, म्हणून तेही तिच्याच डोक्यावर.

तिसऱ्या खेपेला बारक्याचा पारा एकशे पन्नासवर थांबला.

"उतरला रे बारक्या!" डॉक्टर म्हणाले.

"दाक्तर, तुझा ऐकला. काडी पण उचलत नाय मी."

"मग ती काडी कोण उचलते ते इचार त्याला." ओट्यावरून आवाज आला. सुकरी खांबाला टेकून बसली होती. शेजारी नाचणीचं गाठोडं, त्यावर बारक्याची घोंगडी, आणि पदर नाकाशी धरलेला. पदराला रक्त.

ती उठून आत आली नि नवऱ्याला स्टुलावरून उठवून स्वतः बसली. "मला बांध."

"मावशे, बायकांवर खोटं बोलते ही," रघु म्हणाला.

"बारक्यावर खरा बोलते ना? मग तिला काय ठावा, दंड बाईचा का बुवाचा?"

बारक्या हसला. "तुला कसला दाब? दाब तर तू माझ्यावर देतेस."

"हस. दोन वरसं झाली, विटाळ गेला तवापासून डोक्यात घण पडतात. तू कधी इचारलास?"

रघूनं पुन्हा तेच केलं. सुकरीच्याही दंडावर तशीच वाकी, तिच्यावरूनच पट्टा. पारा पार टोकाला गेला. "बघ! खोटं."

सुकरीनं माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या दंडाकडं. शाळेचं तोंड न बघितलेली बाई ती! म्हणाली, "अरे शहाण्या, वाकीवर बांधलास तर वाकीचा दाब येल. माझा कसा येल?"

तिनं कोपरापर्यंत तेल चोळलं आणि वाकी खाली सरकवायला लागली.

"सुकरे! मी जिता हाय अजून!" बारक्या ओरडलाच.

"जिता हायेस म्हणून तर दाक्तरकडं आणते. मी मेले मंग तुला कोण आणील?"

वाकी निघाली. दंडावर पांढरा वळ. रघूनं उघड्या कातडीवर पट्टा बांधला. मी सगळा जीव एकवटला. पारा चढला आणि थांबला दोनशे वीसवर.

डॉक्टर पुटपुटले, "खोटं असेल."

माझा काय संताप झाला! पण माझ्या वतीनं सुकरीच बोलली. "आधी कोणावर खोटी बोलली ही? बोलाव तिला."

कमू केरसुणी टाकून आली, पण वाकीला हात लावेना.

"काढ गं," सुकरी म्हणाली. "वाकी काढून नवरे मरते तर किती बाया सुटल्या असत्या!"

कमू फिस्सकन हसली आणि वाकी काढली. पट्टा बांधला. पारा एकशे बारा. वाकीवरून दोनशे साठ, वाकीविना एकशे बारा. मी जिंकले होते, पण खरी जिंकली होती सुकरी.

डॉक्टरांनी त्याच दिवशी हुकूम फिरवला. सुकरीचं मीठ बंद, सुकट बंद, दुपारची झोप सक्तीची, ओझं बारक्यानं उचलायचं. बारक्या कावड खांद्यावर घेऊन पाण्याला निघाला तेव्हा अख्खा पाडा बघायला उभा राहिला. लाजेनं मान खाली, पण रोज आणलं पाणी. भात झोडून झालं तेव्हा सुकरीचा पारा एकशे साठ. नाकाचं रक्त थांबलं, डोक्यातले घण थांबले. परतीच्या वाटेवर ती गात गेली म्हणतात.

मग बायका आल्या! जामसरच्या, मोखाड्याकडच्या. माझ्या झाकणावर उतरवलेल्या पितळी वाक्यांचा ढीग पडायचा. तेव्हा मला कळलं ते तुम्हीही ऐका. तरुणपणी पुरुषांचाच पारा वर असतो, म्हणून सगळ्यांची नजर त्यांच्यावर. पण पाळी गेली की बाई पुरुषाला गाठते आणि पुढंही जाते. तोवर तिला "तुला काय धाड भरलीय" म्हणून सगळ्यांनी विसरलेलं असतं. ती स्वतःही.

आता माझी काच पिवळी पडली, फुग्याला भेग गेली. माझं मागणं एकच. घरात एकाला पट्टा बांधाल तर दुसऱ्या दंडालाही बांधा.

एक मात्र सांगितल्याशिवाय झाकण मिटणार नाही. सुकरीचा पारा उतरला त्याच वर्षी एका बाजाराच्या दिवशी ओटा भरलेला असताना वांगणीची मंगळी उठून उभी राहिली. "माझी आय दोन वरसांमागं इथंच आलेली. डोका धरून. बाटली देऊन धाडलीत. भात लावताना आवणीत पडली, अर्धा अंग गेला, महिन्यात मेली. तवा ही पेटी इथंच होती ना?"

रघु चाचरला. "पेटी तेव्हा..."

"पेटीवर ढकलू नको," दाब मोजायला आलेली सुकरी कडाडली.

"मला सांगितलं होतं," रघु म्हणाला, "बायांच्या दंडाला हात लावायचा नाही, दागिना काढायला सांगायचं नाही."

"कोणी?"

तेवढ्यात डॉक्टर पुढं आले, डोक्यावरची टोपी काढली. "मी. लाज मला वाटत होती, आणि खोटं ठरवलं पेटीला."

मंगळी रडली नाही. म्हणाली, "घरी बाबा इचारल, कोणामुळं. मी काय नाव सांगू?"

सगळ्या ओट्यासमोर, स्वच्छ आवाजात, त्यांनी पुरतं नाव सांगितलं, "दत्तात्रय महादेव दिघे."