वेंडेलचा पट्टा धरणारा

मेस्किट वेल्स गावात अजून सांगतात, वेंडेल हॅकरनं एकदा अमेरिकन फुटबॉलचा चेंडू असा फेकला, की झेलणारा गडी पाण्याच्या टाकीपलीकडे गेला आणि शेजारच्या गावात जेवूनच परतला. जेवण जरा जास्त होतंय. कॉफी घेतली असेल.

खांदा मात्र खरा होता, आणि तो खरोखरच गेला. डॉक्टर म्हणाले, आता कंगवासुद्धा डाव्या हातानं धर. मग गावातल्या शाळेनं त्याला आपल्या संघाचा कोच केलं.

खेळ चालू असताना कोचनं कडेच्या पांढऱ्या रेघेबाहेर राहायचं. पाऊल आत पडलं की पंच पिवळा रुमाल टाकतो आणि शिक्षा संघाला होते. म्हणून तापट कोचच्या मागे एक माणूस ठेवतात, कमरेचा पट्टा धरून ओढायला. वेंडेलनं या कामाला ओटिस ब्रँटलीच हवा म्हणून सांगितलं. वेंडेल क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा, होता तेव्हा हा धिप्पाड ओटिस त्याच्यापुढे वाकून उभा असायचा. अंगावर येणारे सगळे आधी ओटिसवर आपटायचे.

"इतकी वर्षं तू माझं बूड बघितलंस," ओटिस म्हणाला, "आता मी तुझं बघतो."

वेंडेलला शिकवता येत होतं. पण त्याचा क्वार्टरबॅक डॅलन चेंडू फेकायचा, तेव्हा वेंडेलचा खांदा शर्टाखाली हलायचा. बायको, लोरीन, तक्रार करायची की हा झोपेतही फेकतो आणि लागतं मला.

डंकर्टनच्या संघाविरुद्ध चार गुणांनी मागे, शेवटची चाल. डॅलन चेंडू घेऊन मागे सरकला, तिघं त्याच्यावर धावले. पलीकडे आपला गडी मोकळा आहे हे वेंडेलला दिसलं आणि त्याचे पाय निघाले. ओटिसनं ओढायचं होतं. पण वेंडेल हलला की पुढे होऊन आडवं जायचं, एवढंच ओटिसच्या हाडांना ठाऊक. त्यानं पट्टा सोडला आणि वेंडेलच्या पुढे धावला.

डॅलननं तो मोकळा गडी स्वतःच हेरला होता. चेंडू बरोब्बर त्याच्या छातीवर गेला. टचडाउन, सहा गुण, सामना जिंकलाच. आणि गवतावर पिवळा रुमाल.

टचडाउन रद्द झालं. शिक्षा म्हणून बरंच मागे सरकून पुन्हा एक चाल खेळावी लागली, ती वाया गेली आणि सामना हातचा गेला.

गावात आता सांगतात, ते दोघं धावत न्यू मेक्सिकोपर्यंत पोचले. कुठले पोचतात. रेघेच्या जरासे आत उभे होते, आणि वेंडेलचा उजवा हात खांद्याशी अडकला होता, वर न जाणारा.

डॅलन आला. रडणं दिसू नये म्हणून त्यानं हेल्मेट काढलं नव्हतं.

"कोच, तो चेंडू माझा होता."

"हो, पोरा."

"तुम्हाला मी दिसलोच नाही ना?"

गावातल्या निम्म्या थापा वेंडेलच्याच. एक आत्ताही सुचली असती.

"नाही," तो म्हणाला.

पुढच्या शुक्रवारपासून तो आपणहून प्रेक्षकांच्या वरच्या काचेच्या खोलीत बसू लागला. चाली तिथून हेडफोनवर ओटिसच्या कानात सांगायचा. त्या पहिल्याच शुक्रवारी डॅलननं चेंडू लांबवर फेकून सामना जिंकून दिला. शिट्टी झाली आणि अख्खं गाव मैदानात धावलं. ओटिसनं पोराला खांद्यावर घेतलं. वेंडेलनं काचेवर थाप मारली. खाली कुणाला ऐकू जाणार?

तो पायऱ्या उतरून आला तेव्हा मैदानात फक्त कागदी पेले गोळा करणारा माणूस होता. त्यानं विचारलं, "जिंकलो ना, कोच?"

"पोरं जिंकली," वेंडेल म्हणाला आणि पेले उचलू लागला, डाव्या हातानं.