खोकला ऐकू आला नाही

मी गॅसची नळी बोलतेय. सिलिंडर आणि शेगडी यांच्या मधली. त्या दोघांची सगळे चौकशी करतात. सिलिंडर भरलाय का, शेगडी पुसली का. मला कुणी काही विचारत नाही. मी अंगानं नारिंगी, लांबीला दीड मीटर आणि स्वभावानं जरा फटकळ आहे. एका दुपारी माझ्यापायी एक भलं घर होत्याचं नव्हतं व्हायचं, ते थोडक्यात वाचलं. ते मनात डाचतंय, म्हणून आज तोंड उघडलंय.

माझा जन्म कारखान्यातला. आत रबर, मध्ये तारेची वीण, वर नारिंगी कातडी. सगळं झाल्यावर एका यंत्रानं माझ्या पोटावर एक साल छापलं. त्या सालानंतर मला वापरायचं नाही, असा त्याचा अर्थ. माणसांच्या अंगावर असं काही छापलेलं नसतं, म्हणून ती निवांत असतात. मला मात्र माझी मुदत पहिल्या दिवसापासून पाठ होती.

मला विकत घेतलं मिस्तरींनी. चाळीस वर्षं घरोघरी गॅसच्या जोडण्या करून ते निवृत्त झाले होते आणि त्यांनी एक जुनी कॅराव्हॅन घेतली होती. म्हणजे चाकांवरची एक खोली. गाडीमागं जोडायची आणि मन होईल तिकडं न्यायची. सोबत मिस्तरीणबाई, मुलगी आणि जावई. आत शिजवलं की गाद्यांना वास लागतो, म्हणून स्वयंपाक बाहेर, ताडपत्रीच्या आडोशाला, असा मिस्तरीणबाईंचा दंडक होता.

मुक्कामाला पोचलं की मिस्तरींचा थाट बघावा. सपाट जागा बघून सिलिंडर कॅराव्हॅनपासून लांब, उभा ठेवायचे. रेग्युलेटर बसवायचे, माझी दोन्ही टोकं क्लिपांनी आवळायचे. मग गुडघ्यावर बसून माझ्या मानेशी, म्हणजे सिलिंडरकडच्या टोकाशी, नाक आणायचे, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचे, "ठणठणीत!"

जावई पुस्तकी माणूस. तो वाडग्यात साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन तयार असायचा. सांध्याला फेस लावायचा, बुडबुडे आले तर गळती आहे, असं त्याच्या पुस्तकात होतं.

"साबण अंगाला लावा, जावईबापू," मिस्तरी म्हणायचे. "गॅसला नाक पुरतं. या नाकानं चाळीस वर्षं पोट भरलंय."

बिचारा जावई वाडगं घेऊन परत जायचा.

आता खरं सांगते. मिस्तरींच्या नाकाला वासच येत नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या एका आजारपणात तो गेला, तो परत आलाच नाही. नासलेलं दूध त्यांनी एकदा चव घेत घेत अर्धा पेला प्यायलं होतं. पण मिस्तरीचं नाक गेलं म्हणजे मिस्तरीच गेला, असं त्यांना वाटायचं. म्हणून हे फक्त मिस्तरीणबाईंना ठाऊक होतं. आणि मला.

त्या दोघांनी एक युक्ती काढली होती. मिस्तरी माझ्या मानेशी वाकले की मिस्तरीणबाई पदर सावरत त्यांच्या मागं येऊन उभ्या राहायच्या. वास आला तर त्या एकदा खोकायच्या. खोकला आला नाही तर सगळं ठीक. दोन वेळा त्या खोकल्या होत्या, मिस्तरींनी क्लिप आवळली होती आणि जावयानं नाकाचं कौतुक केलं होतं. मला या सोंगाचा राग यायचा. पण म्हातारपणी एकमेकांची लाज राखणारी ती दोघं बघितली की तो राग टिकत नसे.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी माझ्या पोटावरचं साल उलटून पाच महिने झाले होते. दुसऱ्याच्या घरी मुदत संपलेली नळी दिसली की मिस्तरी ती तिथल्या तिथं कापायचे, वर चार शब्द सुनवायचे. स्वतःच्या बाबतीत मात्र दिव्याखाली अंधार. माझ्या मानेला, अगदी क्लिपच्या कडेला, भेग गेली होती. मला ती जाणवत होती, सांगणार कुणाला?

मोकळ्या माळावर मुक्काम होता आणि वारा असा सुटला होता की ताडपत्री फडफडून कान किटले. शेगडी विझेल म्हणून मिस्तरींनी कधी नव्हे ते शेगडीबरोबर सिलिंडरही आडोशाला, कॅराव्हॅनला खेटून ठेवला. "चहापुरतं तर आहे," ते स्वतःशीच म्हणाले. कॅराव्हॅनच्या तळाशी एक जाळी असते. आत गॅस साचला तर तो बाहेर जावा, म्हणून ठेवलेली. माझी मान नेमकी त्या जाळीसमोर आली.

मुलगी लांब नळावर पाणी भरत होती. जावई वाऱ्याच्या बाजूला खुंट्या ठोकत होता. आणि मिस्तरीणबाई? सकाळभर गाडीत बसून त्यांचा गुडघा सुजला होता. गोळी घेऊन, पडदे ओढून त्या आतल्या खालच्या पलंगावर झोपल्या होत्या. जाळीपासून हातभर अंतरावर.

रेग्युलेटर फिरला. गॅस माझ्या अंगात शिरला आणि भेगेतून सुटायला लागला. गॅस जड असतो, तो जमिनीलगत सरपटतो. ताडपत्रीखाली घुमणारा वारा त्याला ढकलत होता आणि तो जाळीतून सरळ आत चालला होता. मी जीव तोडून फुसफुसत होते, पण ताडपत्रीच्या गोंगाटात माझा आवाज कुठं ऐकू जाणार!

मिस्तरी वाकले. नाक माझ्या भेगेवर टेकलं म्हणा ना! डोळे मिटले. थांबले. खोकला आला नाही.

"ठणठणीत!" मिस्तरी म्हणाले.

त्यांनी पातेलं ठेवलं. खिशातून लायटर काढला, शेगडीजवळ नेला. चापावर अंगठा ठेवला. मी एवढी घाबरले होते की काय सांगू! माझ्यातूनच आग जाणार होती आणि माझ्या शेजारीच ती बाई झोपली होती.

आणि सवयीनं त्यांनी मागं वळून बघितलं. दर वेळी ठणठणीत म्हटल्यावर ते बायकोकडं बघून जरासं हसायचे. आज मागं कुणीच नव्हतं.

त्यांचा अंगठा चापावरून निघाला. लायटर त्यांनी लांब गवतात भिरकावला आणि ओरडले, "जावईबापू! तुमचं ते साबणाचं पाणी आणा!"

"आत्ता? पण तुम्ही तर म्हणालात..."

"आणा म्हणतो ना! मला वास येत नाही. दोन वर्षं झाली, काही म्हणता काही येत नाही!"

जावई वाडगं घेऊन धावला. ब्रश माझ्या मानेवर फिरला आणि फेसातून लिंबाएवढा बुडबुडा फुगून वर आला. त्यामागून दुसरा. मिस्तरींनी झटकन रेग्युलेटर बंद केला. मग त्यांची नजर जाळीवर गेली आणि तोंडाचं पाणी पळालं.

तेवढ्यात आतून झोपाळू आवाज आला, "अहो, किती अंधार केलाय! थांबा, दिवा लावते."

"बटणाला हात लावू नकोस!" मिस्तरी असे किंचाळले की नळावरच्या मुलीच्या हातून बादली पडली. "आहेस तशीच राहा! हलू नकोस!"

दार सताड उघडून ते आत घुसले. जावयानं पाय धरले, मिस्तरींनी खांदे, आणि दोघांनी मिस्तरीणबाईंना उचलून वाऱ्याकडच्या बाजूला गवतावर बसवलं. त्यांनी सगळ्यांकडं बघितलं, नाक मुरडलं आणि मग, करार पाळावा तशा, एकदाच खोकल्या.

मिस्तरी त्यांच्या शेजारी मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. धावत आलेल्या मुलीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बाबा, नाक नाही तर नाही. आम्हाला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली. जावई उगाचच वाडग्यातलं पाणी ढवळत राहिला.

त्या दिवशी चहा झाला नाही. मिस्तरींनी मला काढलं, उलटं केलं, पोटावरचं साल मोठ्यानं वाचलं आणि सुरीनं माझे तुकडे केले, चुकूनही कुणी मला पुन्हा जोडू नये म्हणून. मला वाईट वाटलं नाही. हे पाच महिन्यांपूर्वीच व्हायला हवं होतं.

साल छापलेला माझा वीतभर तुकडा आता कॅराव्हॅनच्या दाराशी खिळ्याला टांगलेला आहे. नवी नळी आलीय, तरुण आहे, जरा मिजासखोर आहे. सिलिंडर पुन्हा लांब गेलाय. फेस जावई लावतो, बुडबुडे मिस्तरी बघतात, आणि मग चारचौघांत मोठ्यानं विचारतात, "येतोय का गं वास?" मिस्तरीणबाई खुर्चीतून "नाही" म्हणाल्याशिवाय शेगडी पेटत नाही.

तुम्हीही आज घरातली नळी उलटी करून साल बघा. आणि तुम्ही ज्याच्या खोकल्यावर विसंबून आहात ते माणूस जागं आहे ना, एवढं एकदा मागं वळून बघा. येते मी.