बकोजीरावांची चाल

"मान जागच्या जागी ठेवा की हो, साहेब." ओठांत टाचण्या धरून रसूलभाई शिंपी सदानंदरावांच्या कानाशीच पुटपुटला. "समोरून कॉलर बसतीया, मागं झोल खातीया. माझ्या मापात खोट न्हाई."

"काय म्हणालास?"

"काय न्हाई. कापडच तसलं हाय."

खिडकीबाहेर माघातली सकाळ. रंकाळ्यावरचं धुकं उठू की नको अशा आळसात पहुडलेलं. दुधात केशराची काडी सोडावी तसा पूर्वेचा उजेड त्या धुक्यात हळूहळू विरघळत होता. आणि त्या केशरधवल जळाच्या काठी, एक पाय पोटाशी घेऊन, एक शुभ्र, संथ, कपटी बगळा उभा होता.

सदानंदराव हेर्लेकरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि जुन्या, विश्वासू नोकराकडे पाहून मालक हसतो तसं ते हसले. आज संध्याकाळी त्यांचा सत्कार. उभा जन्म कार्टूनपटांत घालवलेल्या दिग्दर्शकाचा, उभ्या गावाने केलेला. आणि पहिल्या रांगेत आप्पासाहेब निमकर. आमंत्रण सदानंदरावांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, सुंदर, वळणदार, विषासारख्या निळ्या शाईने.

*

फार वर्षांपूर्वी निमकरांच्या स्टुडिओत, पत्र्याच्या छपराखाली, काचेखालच्या दिव्यावर वाकून एका तरुणाने एक तळं रंगवलं होतं. कमळाची एकेक पाकळी त्याने हाताने उमलवली. एकेक बेडूक हाताने उडवला. कागदावर कागद, कागदावर कागद, आणि डोळ्यांत रात्रंदिवस लाल शिरांची जाळी. गावातला पहिला बोलका कार्टूनपट! दिग्दर्शन त्याचं, कथा त्याची, रेषान् रेषा त्याची.

पहिल्या खेळाला आई आली होती. नऊवारीची घडी मोडून, अंबाड्यात अबोलीची वेणी माळून. तिला वाचता येत नव्हतं. पण लेकाचं नाव तेवढं ती तांदळात गिरवून गिरवून शिकली होती. पडद्यावर अक्षरं आली. दिग्दर्शन : आप्पासाहेब निमकर. मग कमळं उमलली, बेडूक उडाले, लोक खळखळून हसले. आई हसली नाही. अक्षरं चुकतील म्हणून तिने पापणी लवू दिली नाही.

"तुझं नाव अजून यायचंय का रे?"

"येईल, आई."

"आता येईल?"

दिवे लागले. पडदा पांढरा झाला. तो पांढरा पडदा घेऊनच आई त्या वर्षी गेली.

आणि त्या पांढऱ्यातून सदानंदरावांचा सूड जन्मला. पांढराच, पंखांचा, चोचीचा.

*

निमकरांची एक चाल होती. मान पुढे. डावा हात पाठीवर. आणि पाऊल असं उंच उचलायचं, असं अधांतरी धरायचं, असं जपून टेकायचं, जणू सगळी पृथ्वी चिखलाची आणि आपण तेवढे धुतलेले.

ती चाल सदानंदरावांनी उचलली. दुसऱ्याच्या स्टुडिओत गेले आणि एक बगळा काढला : बकोजीराव. दुसऱ्यांनी पकडलेले मासे आपल्या नावावर सांगणारा, शेवाळाची शाल पांघरणारा, तळ्याकाठचा महापुरुष.

कार्टूनवाल्याचा आरसा भांग पाडायला नसतो. पात्राचं हसू, पात्राचा राग, पात्राची चाल आधी आपल्या अंगावर घ्यायची, आरशात पाहायची, मग कागदावर उतरवायची. सदानंदरावांचा आरसा पुरुषभर उंच होता. त्याच्यापुढे ते रोज चालत. मान पुढे. हात पाठीवर. पाऊल उंच, अधांतरी, आणि मग पृथ्वीवर मेहेरबानी. पुन्हा मान पुढे. पुन्हा हात पाठीवर. घासून घासून धार लावावी तसे ते ती चाल घासत राहिले.

बकोजीराव गाजला. जत्रेच्या तंबूंतून, शाळांच्या पटांगणांतून, पुढे घरोघरच्या टीव्हीवरून तो डौलाने चालत गेला. एकामागून एक कार्टूनपट. प्रत्येकाच्या आरंभी सदानंदरावांचं नाव, भल्या मोठ्या अक्षरांत. आई नसलेल्या अंधारात.

इकडे निमकर महाद्वार रोडवर उतरले की मागे पोरांची रांग लागे, प्रत्येकाचा एक पाय अधांतरी. पानवाला हसे. सराफ हसे. लेकीच्या लग्नात मांडवात शिरताना खुद्द व्याही हसला. निमकर पायी फिरायचे बंद झाले. मग मोटारीने फिरायचे बंद झाले. आलेली प्रत्येक बातमी सदानंदराव खडीसाखरेसारखी जिभेवर घोळवीत, विरघळेपर्यंत.

आता एकच खडा उरला होता. भर सभेत, निमकरांच्या डोळ्यांदेखत ती चाल चालून दाखवायची आणि मग माइकवर सांगायचं : ही कुणाची, ओळखा.

*

उतरतं ऊन नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर भंडाऱ्यासारखं सांडलं होतं. इंदुमतीबाईंनी नवऱ्याच्या मागच्या कॉलरीवरून दोनदा हात फिरवला.

"काय गं?"

"काही नाही. उपरणं नीट घ्या."

निमकर आले होते. चाकांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर शाल, पाय शालीखाली वाळक्या फांद्यांसारखे. नातीने खुर्ची पहिल्या रांगेत लावली. सदानंदरावांच्या छातीत पंख फडफडले.

नाव पुकारलं गेलं. आधी साधं चालत माइकपाशी जायचं, हार घ्यायचा, मग बेतलेलं ते. ते पडद्याआडून निघाले.

सभागृह फुटलं. हसू, हसू, हसू! बाल्कनीतून लाटेसारखं कोसळणारं, टाळ्यांवर स्वार झालेलं हसू. "वा, बकोजी! वा!"

सदानंदराव थबकले. त्यांचा एक पाय अधांतरी होता.

"थांबा," ते माइकवर म्हणाले, "अजून मी सुरुवात केलेली नाही."

त्यावर तर लोक खुर्च्यांवरून घसरायचेच बाकी राहिले.

त्या गदारोळात दोनच माणसं हसत नव्हती. एक, बाजूला बसलेल्या इंदुमतीबाई. दुसरे निमकर. ते टक लावून पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत अपमान नव्हता. पेटीच्या तळाशी आपलाच तरुणपणीचा फोटो सापडावा, तसलं काहीतरी ओलं, हावरं होतं.

हार पडला. सदानंदराव काय बोलले, त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. खाली उतरले तेव्हा निमकरांनी शालीखालून हात काढून त्यांचं मनगट धरलं.

"सदा, छान ठेवलीस रे. माझी तर गेली."

*

रंकाळ्याच्या काठाने नवराबायको घरी निघाली. पश्चिमेला सोनं, सोन्यावर जांभळं, जांभळ्यावर काळं. सदानंदरावांनी डावा हात पाठीवरून काढला आणि खिशात घातला. दहा पावलांवर तो पुन्हा पाठीवर होता.

"आज ते लोक आधीच का हसले गं?"

बाई पाण्याकडे पाहत चालत राहिल्या.

"रसूलभाई सकाळी कॉलरीचं काहीतरी पुटपुटत होता. कापड तसलं, म्हणाला."

"कापड चांगलं आहे."

"इंदू, बोल."

त्या थांबल्या. घरात मुलांनी, सुनांनी, शेजाऱ्यांनी, सगळ्या आळीने जिभेखाली दाबून ठेवलेलं ते त्यांनी पदराच्या गाठीसारखं हळूच सोडलं.

"अहो, धाकट्याच्या मुंजीच्या आदल्या दिवशी जिन्यावर पाऊल वाजलं. उंच उचललेलं, जपून टेकलेलं. मी स्वयंपाकघरातून धावत आले. म्हटलं, आले शेवटी निमकर, माफी मागायला आले." त्यांनी उपरण्याचं टोक नवऱ्याच्या खांद्यावर सारखं केलं. "दार उघडलं, तर तुम्ही."

काळवंडत्या पाण्यात एक बगळा उभा होता. त्याने पाय उचलला; पाण्यातल्यानेही उचलला. मग कितीतरी वेळ, आधी कुणी टेकायचा म्हणून, दोघेही तसेच राहिले.