त्यांच्या नावाचा

मालनने बाजेखालचा पाट बाहेर ओढला, त्यामागची खुरपी बाजूला सारली आणि तिथेही तांब्या नाही म्हटल्यावर कपाळाला हात लावून उठली. सकाळपासून हेच चालले होते. बाजेवर तिचे सासरे पडलेले. पावसाळ्याच्या तोंडाला त्यांच्या अंगावरून वारे गेले, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा बसली. तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. पण पाणी प्यायचे ते स्वतःच्या पितळी तांब्यानेच. दुसरे भांडे ओठाला लावले की डाव्या हाताने ते नेमके ढकलून देत. शरीर गेले तरी हट्ट जाग्यावर होता.

"आत्याबाई, मामांचा तांब्या दिसला का कुटं?" तिने आतल्या खोलीत चुलीपाशी बसलेल्या सासूला विचारले.

"त्यांच्या नावाचा? न्हाई बाई. सांजच्याला तर हुता."

'त्यांच्या नावाचा' हे सरजाबाईचे ठरलेले बोलणे. लग्नात आलेल्या त्या तांब्यावर नवऱ्याचे नाव कोरलेले होते, नागनाथ. राखेने घासतानाही ती नावावरून हात फिरवायची नाही, कडेकडेने घासायची. त्यामुळे बाकीचा तांब्या लखलखीत आणि नाव तेवढे काळे राहिले होते. बायकोने नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य तुटते, असे तिच्या आईने सांगितले होते, आणि आईचे सांगणे तिने पदराला गाठ मारून ठेवले होते. नाव तर नाहीच, नावातला तुकडाही ती तोंडात येऊ द्यायची नाही. नागपंचमी म्हणजे 'त्यांच्या नावाचा सण'. बांधावर नाग निघाला तर 'त्यांच्या नावाचा निघालाय'. नांगराला ती जन्मभर औत म्हणत आली. नांगर कुठे आणि नाग कुठे, पण उगाच जवळून जायला नको.

मालन परभणीची, सातवी शिकलेली. तिला याचे हसू यायचे.

"भिंतीवर बाबासाहेबांचा फोटू हाय," ती म्हणायची, "अन् तुमी नवऱ्याच्या नावाला भ्येता, आत्याबाई. तिकडं एका नावासाठी लोक तुरुंगात जायलेत."

"अन् त्या नावापायी घरं कुनाची जळायलीत?" सरजाबाई म्हणायची. "नाव घेतलं की काय हुतं, ते बगायलीस न्हवं?"

औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला आणि इकडे मराठवाडा पेटला. ओढ्यापलीकडच्या गावातून निघालेला धूर त्यांच्या वस्तीने आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. एसटी बंद होती. मालनचा नवरा सूर्यभान पोखर्णीच्या शाळेवर मास्तर, तो तिकडेच अडकला. घरात दोन बायका आणि एक लुळा म्हातारा. पुढच्या दाराला दिवसासुद्धा कडी. मागच्या दाराला अडसर आणि वर वाटायचा पाटा टेकवून ठेवलेला. बाहेर कुत्रे भुंकले की दोघी हातातले काम थांबवून एकमेकींकडे बघायच्या. बंद घरात उजेड यायचा तो धाब्याच्या छताला ठेवलेल्या भोकातून, तोही आभाळ भरलेले असले की नावालाच.

मालन आतल्या खोलीत आली. उतरंडीची मडकी तिने एकेक करून हलवून पाहिली. धुण्याची बादली उपडी करून पाहिली. राहिला कोपरा, जिथे ज्वारीची कणगी होती आणि तिच्यामागे मोरीचे भोक.

सरजाबाईने चुलीत दोन काटक्या सारल्या आणि फुंकर घातली. जाळ भडकला. त्याचा उजेड कणगीच्या बुडापर्यंत गेला आणि तिथे काहीतरी चकाकले. ओले, गुंडाळलेले. ते हलले तेव्हा तिला कळले.

फुंकणी तिच्या हातातच राहिली.

"मालन," ती कशीबशी म्हणाली, "त्यांच्या नावाचा हाय. कनगीमागं."

"घावला का येकदाचा!" मालनने पदर कमरेला खोचला आणि कणगीपाशी गुडघे टेकले.

"न्हाई, मालन... अगं, त्यांच्या नावाचा..."

"हां हां, दिसायलाय. चकाकायलाय बगा," मालन म्हणाली आणि तिने अंधारात हात पुढे केला.

साप म्हणता आले असते. लांबडं म्हणता आले असते, जनावर म्हणता आले असते. त्या घटकेला यातले एकही जिभेवर आले नाही. आला तो एकच शब्द, जन्मभर दातांमागे अडवून धरलेला. सरजाबाईचे तोंड उघडले, मिटले. मालनची बोटे कणगीआड गेली.

"नाग!" सरजाबाई किंचाळली. "मालन, नाग! नाग हाय, नाग!"

मालनचा हात होता तिथे थिजला. आणि बाहेरच्या खोलीतून, जाड झालेल्या जिभेने, कोणीतरी म्हणाले,

"ओ."

ते ऐकायला कोणाला सवड नव्हती. कणगीमागून हातभर उंच फणा वर आला होता. मालनचे मनगट आणि तो फणा यात जेमतेम वीतभर अंतर. लोहाराच्या भात्यासारखा आवाज खोलीत भरला.

"हलू नकू," सरजाबाई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, तिचा तिलाच ओळखू येत नव्हता. "हात झटकू नकू. हळू वडून घे. हळू. त्येच्याकडंच बग."

मालनने हात मागे घेतला. किती वेळ लागला कोण जाणे. मग गुडघ्यांवरच ती मागे सरकू लागली. गावाकडे 'साप चावला' म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात, आणि आपल्याला पान लागले तर गंगाखेडच्या दवाखान्यापर्यंत न्यायला एसटी नाही, बैलगाडी काढून रस्त्याला लागायची कोणाची छाती नाही, हे सगळे तिला एकदमच आठवले. फणा जाग्यावर डोलत राहिला. ती दाराच्या चौकटीला टेकली तसा तो थोडा खाली झाला.

"मी काठी आनू?" ती पुटपुटली.

"काठी नकू. चुकली तर डिवचलेला ऱ्हाईल घरात. तू बाहीर हो, मदलं दार वड अन् फटीला वाकळ दाब. तिकडं ते हायेत."

"अन् तुमी?"

"मी मागलं दार उगडते. वाट दिली की जातंय त्ये."

"आत्याबाई, मागलं दार?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. ते दार का लावले आहे, हे दोघींना माहीत होते.

"मग काय हितंच ठिवून घेऊ त्येला?" सरजाबाई म्हणाली. "वड दार."

मधले दार लागले. मालनने कोपऱ्यातल्या वळकटीतली वाकळ ओढून फटीत कोंबली आणि दाराला कान लावून उभी राहिली. पलीकडे पाटा सरकल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. सासू तो न आदळता, इंचाइंचाने बाजूला करत होती. मग अडसर निघाला. मग काहीच ऐकू येईना.

सरजाबाई बाहेर पडली ती दारातून थेट बाजूला झाली आणि काट्यांच्या कुंपणापर्यंत मागे हटली, वाट मोकळी सोडून. कितीतरी दिवसांनी ती उघड्यावर आली होती. पाठीमागे डोक्याएवढी ज्वारी. तिच्यात कोण दबा धरून असेल ते सांगता येत नव्हते, आणि वळून बघायची सोय नव्हती. डोळे उंबऱ्यावरून काढले आणि तो बाहेर आला की आतच राहिला हे कळले नाही, तर सगळेच फुकट. पाठीमागे ज्वारी सळसळली. ती वळली नाही.

तो आला. सावकाश, कोणाचे देणे नसल्यासारखा. उंबऱ्यावर थबकला, भिंतीच्या कडेने गेला, गोवऱ्यांच्या रचाला वळसा घालून कुंपणाखालून ज्वारीत शिरला. शेपूट दिसेनाशी झाली तेव्हा सरजाबाईचे हात जुन्या सवयीने जुळायला निघाले आणि अर्ध्यावर थांबले. तिने ते लुगड्याला पुसले.

पुढच्या दारावर थाप पडली तेव्हा मालनने धावत जाऊन कडी दाबून धरली.

"कोन हाय?"

थाप पुन्हा पडली.

"कोन हाय म्हनते ना!"

"मी," बाहेरून सरजाबाई म्हणाली. "उगड."

मालनने कडी काढली आणि सासूला मिठीच मारली. सरजाबाई तशीच उभी राहिली, लाकडासारखी.

"गेला?"

"गेला. मागलं दार लावलं म्या बाहीरून."

"आत्याबाई, मामा बोलले!" मालनला आता आठवले. "तुमी हाक मारली अन् ते 'ओ' म्हनले. म्या ऐकलं."

सरजाबाईचा चेहरा उतरला.

"म्या न्हाई मारली हाक," ती म्हणाली. "म्या त्यांना न्हाई मारली."

ती बाजेपाशी खाली बसली. नागनाथ डोळे मिटून पडले होते. ती त्यांच्या छातीकडे बघत राहिली. वाकळीखाली छाती वर व्हायची, खाली जायची. खाली गेली की सरजाबाईचाही श्वास अडायचा. मालनने मोरीच्या भोकात खापऱ्या आणि चिखल ठासून भरला, वर वीट बसवली. मागच्या गोवऱ्यांचा रच भिंतीपासून लांब हलवला, एकेक गोवरी आधी काठीने उलथून मग उचलली. कणगी हलवून मागचा कोपरा झाडला. तिथे तांब्या नव्हताच. सासू जाग्यावरून उठली नाही.

"किती बार घेतलं ग म्या?" तिने मध्येच विचारले.

मालनचे हात चिखलाने भरलेले. ती दारात थांबली.

"येकदाच," ती म्हणाली. "येकदाच घेतलं, आत्याबाई."

दिवेलागणीला सरजाबाईने नवऱ्याच्या अंगावरची वाकळ सारखी केली आणि तिच्या हाताला काहीतरी गार लागले. तांब्या त्यांच्याच कुशीत होता, डाव्या हाताखाली धरलेला. तो कोणी नेला नव्हता. त्यांनी तो फक्त जवळ घेतला होता. सरजाबाईने हळूच सोडवून घेतला, भरून आणला.

"अवो," ती म्हणाली. "पानी प्या."

ते हलले नाहीत.

"अवो, ऐकायलाव का? सकाळधरनं पानी न्हाई."

तिने हात धरून पाहिला. गार होता. तांब्याइतकाच गार. मालन कंदील घेऊन जवळ आली, पण उजेडात तो चेहरा आणखीच लांबचा वाटला. छाती हलते आहे की कंदिलाची ज्योत, ते कळेना.

सरजाबाईने सुनेकडे पाहिले.

"तू जरा चूल बग," ती म्हणाली.

चूल चांगली पेटलेली होती. मालनने कंदील खाली ठेवला, आत गेली, चुलीपुढे दाराकडे पाठ करून बसली आणि फुंकणी तोंडाला लावली. मागे बाज करकरली. कोणीतरी वाकले असावे.

"ना..." ऐकू आले आणि थांबले.

बाहेर वस्तीच्या टोकाला कुत्रे भुंकायला लागले होते. आज मालनने मान वर केली नाही.

मग ते सगळे नाव आले. हळू, एकेक अक्षर चाचपत, जसे कोणी पहिल्यांदा वाचायला शिकताना म्हणते तसे. मालनने फुंकणी तोंडाशीच धरून ठेवली. फुंकली नाही. जाळ खाली बसत चालला होता.

ओ आली. उशिरा आली, पण आली.