खुंटीवरचा बिल्ला

"या कॉलेजनं मला काय दिलं? खरं सांगू? काही नाही!" कारखानदार साहेबांनी टेबलावर थाप मारली. "जे शिकलो ते स्वतःच्या हातानं, स्वतःच्या शेडमध्ये."

पुढच्या रांगेतले बाकीचे कारखानदार हसले.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात, अवजारांच्या खिडकीआड बसलेल्या स्टोअरच्या ताईंनी पान्हा पुसता पुसता नाक मुरडलं. स्वतःच्या हातानं म्हणे! त्या हाताला कानस धरायला मास्तरांनी एकेक बोट जागेवर बसवून शिकवलं होतं. तेव्हा हे 'साहेब' झाले नव्हते. एका जागी ठरायचं नाही म्हणून सगळी पोरं त्याला तुडतुड्या म्हणायची. मास्तर आत्ता त्याच्या शेजारीच बसले होते आणि मान डोलवत होते. ताईंना तुडतुड्यापेक्षा त्या डोलणाऱ्या मानेचीच जास्त किळस आली.

पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला एवढंच ठरवायचं होतं, की दोन वर्षांत कारागीर घडवणाऱ्या या कॉलेजचा इथल्या उद्योगांना काही उपयोग आहे का. नसेल तर कुलूप. आणि हे विचारायला बोलावलं कोणाला? इथेच शिकून मोठं झालेल्यांना, इथल्याच पोरांच्या जिवावर ज्यांच्या शेडी चालतात त्यांना. पडद्यावर आलेख चढत होते, उतरत होते. समोरच्या गल्लीतून लेथची घरघर आत येत होती. ती ऐकायला अधिकाऱ्याला वेळ नव्हता. तो आलेख बघत होता.

चहाला सगळे उठले तेव्हा साहेब खिडकीशी आले.

"ओळखलंत का ताई?"

"न ओळखायला काय झालं? काय हवंय? बिल्ला टाका."

साहेब खो खो हसले. ताईंच्या स्टोअरचा कायदा एकच होता. अवजार न्यायचं तर आपला आकडा कोरलेला पितळी बिल्ला त्याच्या जागी खुंटीला अडकवायचा. अवजार आलं की बिल्ला परत. भिंतीवर प्रत्येक अवजाराची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली होती, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनही दिसावं. ताईंनी मागे न बघता बोट केलं. केसाएवढी जाडी मोजणाऱ्या मायक्रोमीटरच्या रिकाम्या आकृतीत एक बिल्ला लटकत होता.

"माझा? अजून आहे होय तो!" साहेबांनी खिसा चाचपला. "उद्या ड्रायव्हरबरोबर डझनभर मायक्रोमीटर पाठवतो, नवेकोरे. मग तर झालं?"

"खुंटी एकच आहे. तोच आणा."

"तो नाही हो देता येणार. केबिनमध्ये काचेच्या पेटीत ठेवलाय. लकी आहे माझा. येईल तो पाहुणा आधी त्याच्याकडेच बघतो."

"आणि कुठून आणला म्हणून सांगता?"

साहेबांनी चहाचा घोट घेतला. "पहिल्या कमाईतून घेतला, असं सांगतो. बरं दिसतं."

ताईंनी पान्हा खाली ठेवला. इतका वेळ जपलेलं 'तुम्ही' आता त्यांच्यानं जपवेना.

"तुडतुड्या, मायक्रोमीटर राहू दे तुझ्याकडे. लखलाभ. फक्त आत जाऊन त्या माणसाला एक वाक्य खरं सांग. हात इथे घडला म्हण. बाकी काही नको."

क्षणभर साहेबांची मान खाली गेली. मग त्यांनी वर छताकडे पाहिलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"ताई, हॉल मात्र ऐसपैस आहे हो," ते म्हणाले. "गोडाऊनला झकास."

कॉलेज बंद झालं. कोणी ओरडलं नाही. मास्तरांना शाल मिळाली, ती त्यांनी हसून घेतली. अवजारं लिलावात गेली आणि हॉल साहेबांनी घेतला.

किल्ली द्यायच्या दिवशी साहेबांचा मॅनेजर आला. आल्या आल्या त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं. "हल्ली माणसं मिळत नाहीत हो. मायक्रोमीटर लावता येईल असं पोरगं शोधून सापडत नाही. कुठे गेली सगळी कोण जाणे!"

ताईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं. बूट तेवढे चकचकीत होते.

भिंतीवर आता पांढऱ्या आकृत्याच उरल्या होत्या: पान्हे, कानशी, करवती, सगळ्या पोकळ. मॅनेजरनं हात वर केला. "हा एवढा बिल्ला राहिलाय. काढून टाकू?"

"हात लावू नका," ताई म्हणाल्या. "वस्तू परत आल्याशिवाय बिल्ला काढायचा नसतो."

त्यांनी खिशातून फडकं काढलं, बिल्ल्यावरची धूळ पुसली, पितळ जरा चमकेपर्यंत घासलं आणि आकडा समोरून नीट वाचता येईल असा तो सरळ केला. मग किल्ली मॅनेजरच्या हातात न देता खिडकीच्या फळीवर ठेवली आणि त्या बाहेर पडल्या.