टाकीत शनीचं तेल

अनिरुद्धराव तंजावूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे विश्वस्त. घरात मराठी, स्टेजवर तमिळ, आणि खोटं दोन्हींत सारख्याच सफाईनं. वाणी त्यांची सख्खी भाची, तिथंच केमिस्ट्री शिकवणारी.

हॉस्टेलच्या मेसमध्ये वडे तळून काळं पडलेलं तेल तिनं उचललं. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून तापवलं, खाली बसलेलं ग्लिसरीन काढलं, धुतलं, सुकवलं. असं बायोडिझेल ती ऐंशी भाग डिझेलात वीस भाग मिसळायची. कॉलेजच्या बसचा धूर खरोखर कमी झाला. उद्घाटन नीट पार पडलं तर सगळ्या बस त्यावर चालणार होत्या. नाहीतर प्रयोग बंद.

उद्घाटनाच्या सकाळी मामांना सोवळं आठवलं. मेसच्या खरकट्या तेलावर शुभकार्य? देवळात शनीपुढच्या दिव्यांचं उरलेलं तिळाचं तेल पिंपात साठतं. मामांनी ते मागवलं, पंच्यातून गाळलं आणि वाणीला न विचारता तिच्या बायोडिझेलऐवजी तेच डिझेलात ओतवलं. तेल ते तेल, आणि वर देवाचं.

पाहुण्यांनी नारळ फोडला. ड्रायव्हर राममूर्तीनं बस काढली. मैदानाची फेरी पुरी व्हायच्या आत मागून काळा लोट उठला, पाहुण्यांची पांढरी वेष्टी-धोतरं काळवंडली आणि बस ठसकत बंद पडली. राममूर्तीनं फिल्टर उघडला. आत काजळीचा गाळ आणि वातींचे तंतू. मग त्यानं सकाळचं पिंप वाणीला दाखवलं.

मामांनी तिला बाजूला ओढलं. माईकवर जा, माझं बायोडिझेल कच्चं राहिलं म्हण, नोकरी मी सांभाळतो, असं फर्मावलं.

"अगे, देवाच्या तेलाला नावं ठेवणार काय तू?"

वाणी माईकवर गेली. घट्ट तेल इंजिनात नीट फवारत नाही, अर्धवट जळतं, हे तिनं तमिळमध्ये सांगितलं. ते कुणी ओतवलं, हेही सांगितलं. मग म्हणाली, "विश्वस्ताला अक्कल नसेल तर शनीनं काय करावं?"

पुढच्या रांगेतल्या आत्या-मावश्यांनी पदर तोंडाला लावले. हसू दाबायला. मामांनी तिथल्या तिथं प्रयोग बंद झाल्याचं जाहीर केलं.

तेव्हा जवळच्या पापनाशमहून टेम्पो घेऊन आलेला भातगिरणीवाला भरद्वाज उठला. त्याच्या डिझेल इंजिनाच्या धुरावरून गल्ली रोज भांडायला यायची. तुमचं खरं तेल आमच्या इंजिनाला चालेल का, एवढंच त्यानं विचारलं. वाणीनं सकाळी न वापरलेल्या बायोडिझेलच्या ड्रमकडे बोट दाखवलं.

मामा मराठीत गुरगुरले, "तो ड्रम दिलास तर माझ्या घरची पायरी चढू नको."

"नाही चढत," वाणी म्हणाली, आणि भरद्वाजाकडे वळली. "टेम्पो मागं घ्या."